आमच्यात तसं नसतंय

पाणी चार दिवसांआड, तेही रात्री दोनला.
नानम्मा दीडलाच उठते, केस विंचरते,
निळी प्लास्टिकची खुर्ची नळाशेजारी ओढते
आणि बसते.
नळ महापालिकेचा. खुर्ची तिची.
कुणाची घागर आधी, ते खुर्ची ठरवते.

भद्रावती पेठेतला आमचा बोळ.
आजोबा मिलमध्ये जॉबर होते.
भोंगा वाजायचा थांबून माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली,
तरी ती अजून जॉबरची बायको.
"मी जन्मात विडी वळली नाही," हे ती सांगते
मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायांना,
त्यांच्याच ओट्यावर, त्यांचाच चहा पीत.
माझी आई दिवसाला हजार वळायची.
ते मोजत नाही ती.
तंबाखूचा वास येतो म्हणून
आईचं ताट फक्त जरा लांब.

वाईट कुणाला बोलत नाही.
एवढंच म्हणते, "आमच्यात तसं नसतंय बघ,"
आणि समोरचं माणूस
आपल्या चपला शोधायला लागतं.

सत्तेव्वा मागच्या खोलीत भाड्यानं होती.
एक मुलगी. नवरा कुठाय, कुणी विचारत नव्हतं.
नानम्मा विचारायची, चारचौघांत, काळजीनं.
त्या वर्षी गड्ड्याच्या गर्दीतून आम्ही परतलो
तर दोरीवर चादर नव्हती.
आजोबांनी विणलेली, लाल-काळी, मोरांची.
चोर म्हणाली नाही नानम्मा.
म्हणाली, "मी कुणाचं नाव घेत नाही.
मार्कंडेय बघतोय."

त्या रात्री सत्तेव्वाची घागर शेवटी.
पुढच्या पाण्याला पण शेवटी.
तिसऱ्या पाण्याला तिची पाळी आली
तेव्हा नळातून नुसती हवा.
घागरी सरकवायचं काम माझं होतं.
नानम्मा बोलायची नाही, भुवई उचलायची,
आणि मी दहा वर्षांची, हुशार, मला कळायचं.

महिन्याभरात रिक्षात शेगडी, मुलीचं दप्तर,
वर रिकामी घागर.
निघताना सत्तेव्वा नानम्माच्या पाया पडली.
नानम्मानं आशीर्वाद दिला.
मनापासून दिला. तेच तर.

यंदाच्या मे महिन्यात पत्र्याखाली नानम्मा तापली.
रात्री बरळायला लागली.
धुतलेलं पातळ काढायला तिची ट्रंक उघडली मी.
तळाशी, डांबरगोळ्यांत, जुन्या कॅलेंडरच्या कागदात
मोर.

बाहेर पाणी आलेलं. खुर्ची रिकामी.
बाया आपापलं भरत होत्या, कुणीच कुणाला काही म्हणत नव्हतं.
नानम्मानं माझं मनगट धरलं.
"सत्तेव्वा, घागर लाव की गं.
वाहून जातंय नुसतं.
लेकरू तहानलंय तुझं."
हा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.
त्यात खुर्ची नव्हती.
मी म्हणाले, "लावते."
दुसरं काय म्हणणार?

सकाळी ताप उतरला.
कडक भाकरी दुधात मोडून खाल्ली तिनं,
वर शेंगाचटणी मागितली.
मी चादर समोर ठेवली.
मोरावरून हात फिरवत गेली, एक निसटलेला धागा
नखानं आत ढकलला.
"बघ," म्हणाली, "मी उचलून ठेवली म्हणून राहिली.
नाहीतर नेलीच असती की तिनं."

विडी घरकुलात राहते म्हणे सत्तेव्वा आता.
मुलगी नर्सिंगला आहे.
बस जाते तिकडं, अशोक चौकातून, सारखी.
चादर पिशवीत घालून ठेवलीय मी,
पिशवी दाराला अडकवलीय,
येता-जाता खांद्याला लागते.

आज पाण्याची रात्र.
नानम्माचे पाय सुजलेत, उठवत नाही.
दीड वाजलाय.
खुर्ची मी बाहेर काढून ठेवलीय.